वाचकांचे प्रश्न : घाम गाळणे ही शिक्षा आहे का?

कामधंदा आणि ख्रिस्ती माणूस या विषयावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. यावल, रावेर, शहादा, नवापूर, धुळे अशा सगळ्या खानदेशातून पत्रे आली. काही जणांनी शेजारच्या पोराकडून लिहवून घेतली आहेत, तीही तितक्याच मोलाची. मी शिकलेला पाळक नाही. भुसावळ विभागात रुळांवर गँगमन म्हणून लागलो, पुढे की-मन झालो, मेट, म्हणजे गँगचा प्रमुख, होऊन निवृत्त झालो आणि आता मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणारा, म्हणून सेवा करतो. उत्तरे पवित्र शास्त्र समोर ठेवून दिली आहेत. सगळी पत्रे घेता आली नाहीत. राहिलेली पुढच्या अंकात घेईन.

प्रश्न : माझे वडील सालदार आहेत, मी बी. ए. झालो. संदेशात ऐकले की आदामाने पाप केले म्हणून देवाने त्याला घाम गाळायला लावले. कष्ट हा शाप असेल, तर तारण झालेल्याला त्यातून सुटका का नाही? खरे सांगतो, मला शेतात जायची लाज वाटते. (एक तरुण, शहादा तालुका)

उत्तर : बेटा, उत्पत्तीचा तिसरा अध्याय वाचण्याआधी दुसरा वाच. 2:15 मध्ये, म्हणजे दुसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या ओवीत (वचनात), देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करायला. तोवर सापाचे बोलणे झालेले नाही, फळ तोडलेले नाही, शापाचे नाव नाही. काम आधी आले, पाप मागून. आणि तिसऱ्या अध्यायात शाप मिळतो तो सापाला आणि भूमीला. काटेकुसळे उगवली, घाम आला, राबूनही पदरात काही न पडणे आले. हरळी निंदायला बसलेल्या माणसाला हे समजावून द्यावे लागत नाही. वरचा वेल हातात येतो, गाठ जमिनीतच राहते आणि पंधरवड्यात वावर पुन्हा हिरवे होते. तुझ्या वडिलांना विचार, ते दाखवतील.

आपला प्रभू सुतार होता. मार्क 6:3 मध्ये नासरेथचे लोक हे त्याला हिणवायलाच म्हणतात, 'हा सुतारच ना?' लूक सांगतो की सेवेला आरंभ केला तेव्हा तो सुमारे 30 वर्षांचा होता. म्हणजे चमत्कारांच्या आणि प्रवचनांच्या आधीची कितीतरी वर्षे तो गावातल्या लोकांची लाकूडकामे करत होता, आणि त्या वर्षांविषयी शुभवर्तमानात जवळजवळ एक ओळ नाही. मला त्या न लिहिलेल्या वर्षांचा फार आधार वाटतो.

की-मनचे काम तुला ठाऊक नसेल. आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासायचा. जाताना एका रुळाने जायचे, येताना दुसऱ्याने. जवळ हातोडा, पाना, लाल झेंडी आणि धोक्याचे फटाके. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी क्लिप घट्ट असली की हातोड्याचा ठोका खणखणीत वाजतो, ढिली असली की बद्द. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात रूळ असा तापतो की हात ठेववत नाही, आणि रूळ फुगून वाकडा होण्याची भीती नेमकी त्याच दिवसांत. गाडी धडधडत निघून जाते. आत झोपलेल्या माणसांना रूळ कोणी तपासला हे कधी कळत नाही, कळायचे कारणही नाही. कलस्सैकरांस 3:23 मध्ये प्रेषित पौल म्हणतो, जे काही कराल ते माणसांसाठी म्हणून नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. हे त्याने कोणाला लिहिले? मोठ्या पदावरच्या लोकांना नाही, दासांना लिहिले. ज्यांचे काम कोणी बघत नव्हते आणि ज्यांना कोणी शाबासकी देणार नव्हते, त्यांना.

तू शीक, परीक्षा दे, नोकरी धर. अभ्यास हेही कामच आहे, त्यातही जीव ओत. पण ज्या माणसाने आखाजी ते आखाजी (अक्षय तृतीयेपासून पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत) दुसऱ्याच्या वाड्यावर पहाटे उठून गुरांचे शेण काढले, वैरण टाकली, रात्री पाणी भरले आणि त्या पैशांतून तुझी फी भरली, त्याच्याबरोबर सुट्टीच्या दिवशी वावरात जा. गावासमोरून जा.

प्रश्न : नवरा आधी फार दारू प्यायचा. प्रभूला ओळखल्यापासून दारू सुटली, देवाचे उपकार मानते. पण कामही सुटले. सकाळी प्रार्थना, दुपारी याच्या-त्याच्या घरी प्रार्थना, आठवड्यात तीन उपास. म्हणतात, देव पुरवठा करील. दोन लेकरे आहेत. मी कापूस वेचायला जाते, निंदायला जाते. काही बोलले की म्हणतात, तुझा विश्वास कमी. (एक बहीण, यावल तालुका)

उत्तर : ताई, दारू सुटली हे देवाचेच काम आहे, त्यात शंका धरू नका. म्हणूनच पुढचे नीट सांगतो, म्हणजे सुटलेले टिकेल.

थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत अशीच माणसे होती. कामधाम सोडून इकडून तिकडे फिरायची, नसत्या उठाठेवी करायची आणि दुसऱ्याच्या घरचे जेवायची. पौलाने त्यांना लिहिले की कोणाला काम करायची इच्छा नसेल तर त्याने खाऊही नये. 2 थेस्सलनीकाकरांस तिसरा अध्याय 6 ते 15 या ओवी दोघांनी मिळून वाचा. पौलाला हे लिहिण्याचा हक्क होता, कारण तो स्वतः तंबू करणारा होता. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला तो त्यांचा धंदा एकच म्हणून (प्रेषितांची कृत्ये 18:3). इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना तो आपले हात पुढे करून म्हणतो की माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा या हातांनी भागवल्या (20:34). देशोदेशी मंडळ्या उभ्या करणाऱ्या प्रेषिताला शिवणकाम करून प्रार्थनेला वेळ पुरत होता. तुमच्या घरधन्यालाही पुरेल.

उपासाचे म्हणाल तर यशया 58 काढा. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास करतो, तू बघत का नाहीस? देव म्हणतो, उपासाच्या दिवशी तुम्ही आपलेच साधता आणि तुमच्या मजुरांना राबवून घेता. मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे. तुमच्या घरात मजूर कोण आहे? बोंडांची टोके लागून ज्या बाईच्या बोटांची पेरे सोलवटली आहेत ती. संध्याकाळी काट्यावर ओटीतला कापूस मोजला जातो तेव्हा त्यात लेकरांची भाकर असते, आणि तुमच्या धन्याचा उपास सोडायचे जेवणही असते. 1 तीमथ्य 5:8 मध्ये तर फार कडक लिहिले आहे : जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. विश्वास कमी कोणाचा, हे त्या ओवीने ठरवावे. तुमचा नाही, ताई. हे मी मंडळीतला वडील म्हणून लिहून देतो.

आता एक गोष्ट, जी तुम्ही पत्रात लिहिली नाही पण मी गँगमध्ये डोळ्यांनी पाहिली आहे. दारू सोडलेल्या माणसाला कामाची भीती वाटते. सोबतचे मजूर तेच, संध्याकाळी हातात रोकडा तोच, आणि घराच्या वाटेवर अड्डा तोच. कित्येकदा आळसापेक्षा ही भीतीच माणसाला घरी बसवते. देवाच्या नावाआड बसले की ती कोणाला सांगावी लागत नाही. तेव्हा भांडू नका. पाळकसाहेबांना आणि एका वडिलांना घरी बोलवा. मंडळीतल्याच कोणा भावाच्या शेतात किंवा गवंडीकामावर त्यांना लावून द्या, जिथे दारूची सोबत नाही. मजुरी सुरुवातीला तुमच्या हाती द्यायला सांगा, आणि हे त्यांना विचारून, त्यांच्यासमोर ठरवा. प्रार्थना पहाटे घरात, लेकरांसह होऊ द्या. पौल त्याच अध्यायात शेवटी सांगतो की अशा माणसाला शत्रू समजू नका, भाऊ समजून बोध करा. मंडळीनेही हे लक्षात ठेवावे. साक्ष द्यायला अशा भावाला पुढे उभे करायचे आणि त्याच्या घरी चूल पेटली का हे विचारायचे नाही, हे बरोबर नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मंडळीतली तरुण मुले दिवसभर मोबाइल घेऊन बसतात. नीतिसूत्रांत आळशाला मुंगीकडे जा म्हटले आहे, ते या पोरांना एकदा ठणकावून सांगा. (धुळे)

उत्तर : गुरुजी, नमस्कार. मुंगी खरी आहे, 6:6 पासून पुढे आम्हीही मुलांना पाठ करायला लावतो. पण त्याबरोबर मत्तय 20 वाचू या. द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळायच्या तासभर आधी चौकात जातो आणि उभ्या माणसांना विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावले नाही. धनी त्यांना आळशी म्हणत नाही. मळ्यात पाठवतो आणि पुऱ्या दिवसाचा दिनार देतो.

आपल्याकडे शहरात मजूर अड्ड्यावर सकाळी उभे राहून बघा. थापी, रंगाचा ब्रश, घमेले घेऊन माणसे उभी असतात. दहा-अकरा वाजले की उरलेली तशीच घरी जातात. त्यांना मुंगीचा दाखला देणार का? तुमच्या मंडळीतल्या पोरांपैकी किती जण अर्ज करून करून थकले आहेत हे आधी विचारा. शिकवण्याचा इतका अनुभव तुमच्याजवळ आहे. संध्याकाळी मंडळीच्या खोलीत गणित आणि इंग्रजीचा वर्ग घ्या. वर्ग उघडूनही जो येणार नाही, त्याला मग नीतिसूत्रे वाचून दाखवू, मीही सोबत येतो.

प्रश्न : कापसाच्या वेचणीत रविवारी काम केले तर पाप लागते का?

उत्तर : आज्ञेत सहा दिवस काम करायलाही सांगितले आहे आणि सातव्या दिवशी दास, दासी, बैल सगळ्यांना थांबायला सांगितले आहे. आभाळ आले असेल आणि फुटलेला कापूस भिजून त्याची कवडी होणार असेल, तर उपासना करून वावरात जा; विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशी वर काढावा हे प्रभूनेच म्हटले आहे. पण हंगामभर दर रविवारी आभाळ येत असेल तर मनाला विचारा. आणि स्वतः उपासनेला बसून मजुरांना वावरात धाडत असाल, तर ती विश्रांती देवाने सांगितलेली नव्हे.

प्रश्न : केळीची मृगबाग निसवली होती. टिश्यूची रोपे, ठिबक, खत, सगळे वेळेवर. वादळात एका रात्रीत बाग आडवी झाली. रात्रंदिवस राबलो, देवाला मागितले, तरी असे का? मेहनतीवरचा विश्वास उडाला आहे. (रावेर तालुका)

उत्तर : भाऊ, घड धरलेली केळ आडवी पडलेली ज्याने पाहिली आहे तो तुम्हाला उपदेश करायला धजणार नाही. आंब्याची फांदी मोडली तर झाड राहते. केळीचे खोड म्हणजे पानांचेच थर, भाराने एकदा मोडले की तो घड गेला. हे देवाने का होऊ दिले याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ आहे असे तो म्हणतो त्याच्यापासून जरा जपून राहा. तुमच्या कुठल्या पापामुळे वारा आला असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

विल्यम केरी हे नाव आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी विसरू नये. इंग्लंडमधला जोडे शिवणारा माणूस, 1793 मध्ये बंगालात आला. 1805 मध्ये सेरामपूरहून मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापून निघाले ते त्याच्या खटपटीने. 1812 च्या मार्च महिन्यात सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, टाइप, कोशाची आणि व्याकरणांची हस्तलिखिते, वर्षावर्षांची मेहनत एका रात्रीत गेली. छपाईची यंत्रे मात्र वाचली होती. वितळलेल्या धातूचे गोळे राखेतून वेचून त्यांनी त्याचेच पुन्हा टाइप ओतले आणि काही महिन्यांत छपाई पुन्हा चालू केली. जळालेले लेखन केरीने परत हाती घेतले. जळाले ते बरे झाले असे मी म्हणत नाही. जळाले ते जळालेच.

स्तोत्र 127 म्हणते की परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ आहेत, आणि पुढच्याच ओवीत म्हणते की पहाटे उठणे, रात्री उशिरा निजणे, कष्टाची भाकर खाणे याने सगळे साधते असे नाही. देव आपल्या प्रियांना झोप देतो. तुम्ही 'रात्रंदिवस' लिहिले आहे, म्हणून ही ओवी मुद्दाम सांगतो. राबणे आपल्याकडे, पीक त्याच्याकडे. तुमचे काम नीट झाले होते, बाग पडली म्हणून ते खोटे ठरत नाही. आता तलाठ्याकडून आणि कृषी सहायकाकडून पंचनामा करून घ्या, फोटो ठेवा, विमा असेल तर ठरलेल्या मुदतीत कळवा. मंडळीतल्या लोकांना पडलेली बाग साफ करायला बोलवा, मदत मागायला संकोच करू नका. आणि काही दिवस नीट झोपा.

प्रश्न : वयाची सत्तरी ओलांडली. आयुष्यभर मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवतात तिथे, काम केले. आता गुडघे उचलत नाहीत, डोळ्यांना दिसत नाही. सुनेच्या हातचे बसून खाते. 'काम नाही तर खाऊ नये' हे वचन ऐकले की घास गिळत नाही. (नंदुरबार, नातीने लिहून पाठवले)

उत्तर : माय, ते वचन तुमच्यासाठी नाही. इच्छा नसेल तर, असे तिथे म्हटले आहे. शक्ती नसेल तर, असे नाही. ज्या हातांनी लाल मिरचीच्या राशी उन्हात उलथल्या, देठ खुडले, रात्री आग होणारे हात तेलात बुडवून लेकरांना जेवू घातले, त्या हातांना आता घास भरवणे हे घरच्यांचे काम आहे आणि तेही देवाचेच काम आहे. इफिसकरांस 2:8-9 नातीला वाचायला सांगा. तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, म्हणजे कोणी फुशारकी मारू नये. धडधाकट माणसे ही ओवी पाठ म्हणतात, पण तिचा अर्थ हातपाय थकल्यावर उमगतो. देवाने तुमच्यावर प्रीती केली ती तुम्ही किती पोती निवडली हे मोजून केली नाही, तेव्हा आता ती कमी कशाने होईल? घास सुखाने गिळा. सुनेला रोज एकदा नाव घेऊन आशीर्वाद द्या. तिलाही त्याची भूक असेल.

प्रश्न : मी मुकादम आहे. पावसाळ्यात लोकांना उचल (आगाऊ पैसे) देतो, दिवाळीनंतर टोळी घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातो. मंडळीत मला मेहनती माणूस म्हणून मान आहे, कापणीच्या सणाच्या लिलावात मोठी बोली माझी असते. उचलीवर व्याज लावणे आणि हिशेब हंगामाच्या शेवटी करणे चालते का? सगळेच तसे करतात. (नवापूर तालुका)

उत्तर : भाऊ, हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारलात याबद्दल तुमचा आदर वाटतो. उत्तर सरळ देतो. असे करणे ख्रिस्ती माणसाला चालत नाही.

कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. पहाटे अंधारात तोड सुरू, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. लेकरू फडाच्या कडेला पाचटावर. हंगामात मिळते ती खावटी, म्हणजे खाण्यापुरते, आणि शेवटी उचल, व्याज, खावटी वजा जाऊन हातात उरते ते कधी कधी काहीच नसते. उलट पुढच्या सालाचे कर्ज बसते. मोशेच्या नियमशास्त्रात काय आहे? मजुराची मजुरी सकाळपर्यंत रात्रभर स्वतःजवळ ठेवू नको (लेवीय 19:13). सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन त्या मजुरीकडे लागले आहे (अनुवाद 24:15). एका रात्रीची मुभा देव देत नाही, आपण एक हंगाम धरून ठेवतो. याकोब 5:4 म्हणते की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. तुमची लिलावातली बोलीही तिथे पोहोचते आणि हा आवाजही पोहोचतो. कायद्याचेही ऐका. उचल फिटेपर्यंत माणसाला बांधून राबवणे ही वेठबिगारी आहे, आणि ती 1976 च्या कायद्याने बंद केलेली आहे.

कष्टाचा मान तुम्हाला मिळतो, पण त्या मानात सगळ्या कोयत्यांचा वाटा आहे. कारखान्याकडून तुम्हाला पैसे कधी मिळतात ही तुमची अडचण मी समजतो, म्हणून होण्यासारखे तेच सांगतो. उचलीवरचे व्याज यंदा काढून टाका. तुमचे कमिशन वेगळे आहे, त्यात भागवा. प्रत्येक कोयत्याची वेगळी वही करा, बायकोचे नावही त्यात लिहा, कारण निम्मे काम तिचे आहे. किती टन तोडले ते दर पंधरवड्याला मावचीत किंवा कोकणीत (इकडच्या आदिवासी बोलींत), त्यांना कळेल असे वाचून दाखवा, आणि खावटीबरोबर मजुरीचा काही भाग रोख द्या. शाळेत जाणारी लेकरे गावातच ठेवता येतील का, हे पाळकांशी आणि शाळेच्या गुरुजींशी बोला. आजी-आजोबा नसतील त्यांच्यासाठी मंडळीने जेवणाची सोय करावी. मागच्या सालाचे कोणाचे देणे राहिले असेल तर आधी ते द्या, लुबाडलेले चौपट परत करीन म्हणणाऱ्या जक्कय जकातदारासारखे चौपट नाही जमले तरी पुरते द्या. यंदाची उचल वाटायच्या आत हे ठरवा. टोळी एकदा गाडीत बसली की मग बोलायला कोणाला सवड राहत नाही.